बोरिवलीत भोवत्या

गोपाळराव मुळ्ये बँकेतून वेळेआधी निवृत्त झाले तेव्हा वाडीतल्या लोकांना वाटलं, चला, आता तरी हे आपल्या कलमांकडे लक्ष देतील. गोपाळरावांनी लक्ष दिलं ते लिनक्सकडे, म्हणजे संगणक चालवणाऱ्या एका फुकटच्या प्रणालीकडे. रत्नागिरीत एस.टी. स्टँडवरच्या स्टॉलला संगणकाचं एक मासिक मिळे आणि त्याच्यासोबत फुकट सीडी येई. त्या सीडीतून हे प्रकरण मुळ्यांच्या घरात शिरलं. पहिल्याच दिवशी गोपाळरावांनी संगणकाने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणून टाकलं, आणि उमावहिनींनी महिनाभर खपून टाइप केलेल्या सहामाहीच्या प्रश्नपत्रिका कायमच्या पुसल्या गेल्या. उमावहिनी शाळेत गणित शिकवत. पुढे कितीतरी दिवस गोपाळरावांच्या आमटीत मीठ पडलं नाही.

तरी माणूस हटला नाही. पाच वर्षांत माळ्यावर एक जुना संगणक कायमचा ठाण मांडून बसला. त्याला पडदा नाही, कळफलक नाही, नुसती पेटी आणि पेटीवर एक हिरवा दिवा. त्याच्या पोटात गोपाळरावांनी घरातल्या सगळ्या कॅसेटी एकेक करून भरल्या. मग माळ्यावरून वायर खाली आणली आणि स्वयंपाकघरात दुसरा, त्याहून म्हातारा संगणक ठेवून त्यावर ती गाणी वाजवून दाखवली. उमावहिनींनी भाकरी थापता थापता विचारलं, की हे रेडिओवर होत नव्हतं का. गोपाळरावांनी उत्तर दिलं, की रेडिओवर त्यांना हवं ते लागतं, इथे आपल्याला हवं ते लागतं. हा मुद्दा वहिनींना पटला, कारण त्यानंतर त्या स्वतःच ‘जरा ते अमकं लावा हो’ म्हणून सांगू लागल्या. वाडीतले लोक मात्र हसतच राहिले. निवृत्तीनंतर कोण भजनाला लागतं, कोण पत्त्यांना; हा वायरींना लागला, असं देवळाच्या पारावर बोललं जाई.

सगळ्यांत मोठ्याने हसत ते आत्माराम, गोपाळरावांचे थोरले भाऊ. सगळे त्यांना दादाच म्हणत. दादा नोकरीसाठी मुंबईला गेले आणि तिथेच बोरिवलीला राहिले, पण कार्तिकातल्या केशवाच्या उत्सवाला आले नाहीत असं एकही वर्ष गेलं नव्हतं. उत्सव एकादशीला बसे आणि पौर्णिमेला उठे. कीर्तन, आरत्या, महाप्रसाद हे सगळं होतंच, पण दादा यायचे ते पौर्णिमेच्या भोवत्यांसाठी. भोवत्या म्हणजे पालखीमागून टाळ-झांजा वाजवत, बापजाद्यांपासून चालत आलेली पदं म्हणत, एका ठेक्यात पावलं टाकत देवळाभोवती घालायच्या फेऱ्या. दादांचा आवाज खणखणीत होता आणि पाठांतर पक्कं होतं. पदाची ओळ ते उचलत आणि बाकीचे मागून म्हणत. एका वर्षी अंगात ताप असताना आले होते, एका वर्षी गाडी बंद पडली म्हणून ट्रकमधून आले होते.

दोन हजार सहा सालच्या श्रावणात दादांच्या हृदयाची मोठी शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी सांगितलं, सहा महिने प्रवास नाही. दादांनी मान डोलावली, आणि घरी आल्यावर सूनबाईला, भार्गवीला, कोकणच्या गाडीचं तिकीट काढायला सांगितलं. मुलाने समजावलं, भार्गवीने रडून पाहिलं, डॉक्टरांनी फोनवर दम भरला. दादांचं म्हणणं एकच होतं, की उत्सव चुकवून जगायचं तर ते जगणं करायचंय काय. शेवटी भार्गवीने गोपाळरावांना फोन केला. काका, तुमचं ऐकतील तर ऐकतील, असं ती म्हणाली.

गोपाळरावांचं ऐकायची दादांना सवय नव्हती. पण त्या दिवशी गोपाळरावांनी उपदेश केला नाही. त्यांनी विचारलं, भोवत्या तिथे ऐकवल्या तर?

“कॅसेट पाठवशील, ती नको,” दादा म्हणाले. “आणि फोनवर ऐकलंय मी मागे एकदा. झांजा भजी तळल्यासारख्या ऐकू येतात.”

“कॅसेट नाही, फोन नाही. इथे होईल तेव्हाच तिथे. स्पष्ट.”

मग दादा म्हणाले, “ऐकवलंस तर मी हलणार नाही. नाही ऐकवलंस तर मी गाडीत बसलो म्हणून समज. मग वाटेत काय व्हायचं ते होऊ दे.”

फोन ठेवल्यावर गोपाळरावांना आपण काय कबूल केलं ते कळलं. स्वयंपाकघरात गाणी वाजवणं वेगळं आणि भावाचा जीव अंगावर घेणं वेगळं. त्यांनी उमावहिनींना सगळं सांगितलं. वहिनी म्हणाल्या, कलमांची फवारणी मी बघते, तुम्ही वर जा.

आता काम काय होतं, तर देवळातला आवाज वायरीतून घरी आणायचा, माळ्यावरच्या पेटीत घालायचा आणि तिथून टेलिफोनच्या तारेने जगात सोडायचा. घरी ब्रॉडबँड त्याच वर्षी आलं होतं. देऊळ घराच्या खालच्या अंगाला, मधे पोफळींची बाग. गोपाळरावांनी पोफळींच्या आधाराने वायर नेली. देवळातल्या ज्या खांबापाशी कीर्तनकार उभा राहतो त्या खांबाला चांगला माईक बांधला. रावजी गुरव देवळाची सगळी व्यवस्था बघत. त्यांनी विचारलं, देवाला काय बाधा नाय ना हेची? गोपाळरावांनी नाही म्हटल्यावर त्यांनी स्वतःच खांबाला फडकं गुंडाळून दिलं, माईक घसरू नये म्हणून. विजेचा भरवसा नव्हताच. भारनियमन म्हणजे संध्याकाळी ठरलेला अंधार. त्यासाठी ट्रकची बॅटरी आणि इन्व्हर्टर माळ्यावर चढवला. चढवताना शिडीची एक पायरी मोडली आणि गोपाळरावांचं ढोपर फुटलं, पण बॅटरी वाचली.

एकादशीला पहिली चाचणी होती, संध्याकाळच्या कीर्तनाची. सगळं तयार झालं आणि गोपाळरावांनी एक चूक केली, ती मुळ्यांच्या घरातला माणूसच करू शकतो. केशवाच्या उत्सवाचं आमंत्रण आजवर कधी एका घराला गेलं नव्हतं. पत्रिका निघायची ती सगळ्या मुळ्यांना, मग ते पुण्यात असोत नाहीतर अमेरिकेत. देवाचं बोलावणं एकट्या दादाला द्यायचं आणि बाकीच्यांपासून लपवायचं, हे गोपाळरावांच्या मनाला शिवलंही नाही. त्यांनी कुळातल्या सगळ्यांना ई-मेल धाडली. ‘कीर्तन घरबसल्या ऐकावे, सहकुटुंब सहपरिवार,’ असं लिहून खाली पत्ता दिला.

घरची लाइन अरुंद होती. एका वेळी जेमतेम सातजण ऐकू शकत, आठव्याला जागा नव्हती. हे गोपाळरावांना चांगलं ठाऊक होतं, पण कोण ऐकणार आहे म्हणून त्यांनी ते सोडून दिलं होतं. कीर्तन सुरू व्हायच्या आधीच पुण्याचे दोघे, ठाण्याचा एक, नागपूरचा एक आणि न्यू जर्सीचे तिघे येऊन बसले. न्यू जर्सीत तर सकाळ होती, ते चहा पीत ऐकत होते. आणि बोरिवलीत दादा खुर्चीत ताठ बसले होते, भार्गवी पुन्हा पुन्हा बटण दाबत होती, आणि पडद्यावर पुन्हा पुन्हा येत होतं, की जागा शिल्लक नाही.

कीर्तन संपल्यावर दादांचा फोन आला. आवाज शांत होता, म्हणून गोपाळरावांना जास्त भीती वाटली.

“माझ्याच देवळात मला दारात अडवलंस, गोपू. पौर्णिमेच्या पहाटेच्या गाडीचं तिकीट काढायला मुलाला पाठवलंय.”

त्या रात्री गोपाळराव जेवले नाहीत. सरळ उपाय एक होता: बाकीच्यांना हाकलायचं. पण न्यू जर्सीच्या सुमतीआत्याची मेल आली होती, की एकवीस वर्षांनी केशवाची घंटा ऐकली आणि हुंदका आवरेना. तिला आता काय म्हणून बाहेर काढायचं? उमावहिनींनीही तेच म्हटलं. दादांना ऐकवायचंच, पण आत्याला उठवून नाही.

लिनक्सवाल्यांची एक मेलची यादी होती. देशभरातले हौशी लोक तिथे एकमेकांना अडचणी विचारत, आणि भांडतही. गोपाळरावांनी तिथे आपली गोष्ट लिहिली, भाऊ, शस्त्रक्रिया, देऊळ, सगळं. सकाळी पाहतात तो उत्तरांचा ढीग. त्यातलं एक नाशिकच्या संदेशचं होतं. हा संदेश कोण, केवढा, दिसतो कसा, काहीच ठाऊक नव्हतं; यादीवर तो सर्वांशी वाद घालण्यासाठी प्रसिद्ध होता. त्याने लिहिलं होतं, की त्याने स्वतःच्या कामासाठी रुंद लाइनवरचा एक सर्व्हर भाड्याने घेतला आहे. गोपाळरावांनी आवाज एकदाच त्याच्याकडे पाठवावा, पुढे शेकडो लोकांना तो वाटेल. बागेत शिपण्याला करतात तसंच हे होतं: डोंगरावरून पाणी एकाच पाटाने यायचं आणि खाली आल्यावर प्रत्येक पोफळीच्या आळ्यात फुटायचं. गोपाळरावांना हे वाचताक्षणी समजलं आणि आपल्याला कसं सुचलं नाही म्हणून ते स्वतःवरच चिडले.

मग द्वादशी आणि त्रयोदशी दोघे फोनवरून आणि मेलवरून झगडले. इकडून गेलेला आवाज तिकडे तुटक येई. संदेश म्हणे दोष तुमच्याकडे आहे, गोपाळराव म्हणत तुमच्याकडे. दोष निघाला गोपाळरावांकडेच, आणि त्यांनी तो कबूल केला तेव्हा यादीवरच्या त्या भांडकुदळ माणसाने पहिल्यांदा त्यांना ‘काका’ म्हटलं. सगळ्या मुळ्यांना नाशिकचा पत्ता दिला. घरच्या पेटीवर एक वेगळं दार ठेवलं, आणि त्याची किल्ली, म्हणजे परवलीचा शब्द, एकट्या दादांकडे.

चतुर्दशीचं कीर्तन दादांनी आरंभापासून शेवटापर्यंत ऐकलं. बुवा मधे पाणी प्यायले, तो घोटसुद्धा ऐकू आला. कीर्तनानंतर त्यांनी फोनवर गोपाळरावांना सांगितलं, की पहाटेची गाडी सोडतोय ती केवळ तुझ्या शब्दावर. उद्या बिघडलं तर मला आता धावत येणंसुद्धा जमायचं नाही, हे ध्यानात ठेव. गोपाळरावांनी ध्यानात ठेवलं. रात्रभर दुसरं काही ध्यानात आलंच नाही.

पौर्णिमेला दिवेलागणीला दीपमाळ पेटली आणि थोड्याच वेळात वाडीतली वीज गेली. गोपाळराव माळ्यावर, स्वयंपाकघरातला संगणक पेटीशेजारी आणून ठेवून, कानाला हेडफोन लावून बसले होते. इन्व्हर्टरने एक उसासा टाकला आणि हिरवा दिवा तसाच जळत राहिला. आरती झाली, स्वच्छ. शंख झाला, स्वच्छ. नाशिकहून संदेशने कळवलं, की चाळीसच्या वर लोक ऐकतायत आणि काहीही अडत नाही. बोरिवलीचं दार उघडं होतं, दादा आत होते. गोपाळरावांना वाटलं, जिंकलो.

पालखी उचलली. पहिल्या पदाची ओळ उठली, झांजा भरात आल्या, ठेका धरला. आणि हळूहळू आवाज लांब जायला लागला. आधी झांजा बारीक झाल्या, मग शब्द विरघळले, मग नुसते रातकिडे.

गोपाळरावांना पेटी बंद पडल्यासारखी वाटली. त्यांनी आकडे पाहिले. सगळं सुरळीत चालू होतं. आणि मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. भोवत्या चालतात! कीर्तनकार खांबापाशी उभा राहतो, आरती खांबापाशी होते. पण भोवत्यांत माणसं चालतात, देवळाला वळसा घालून मागे जातात. जन्मभर ज्या फेऱ्या त्यांनी स्वतः घातल्या होत्या, त्या फिरतात एवढंच ते विसरले होते. लाइन, वीज, नाशिक, सगळ्याचा विचार केला आणि माईक मात्र खांबाला बांधून ठेवला.

ते शिडीवरून कसे उतरले आणि पोफळींतून खाली कसे धावले ते त्यांनाच ठाऊक. मंडपात जाऊन त्यांनी खांबावरचा माईक सोडला आणि तो हातात धरून ते पालखीमागे निघाले. वायर देवळाच्या कोपऱ्यापर्यंतच पुरली आणि तिथे ताणून थांबली. मागून माणसांचा लोंढा ठेक्यात येत होता. रावजी गुरवांनी त्यांचं मनगट धरलं.

“भाऊ, वायर पायात येल. पालखीवाला पडंल,” ते हळूच म्हणाले. “ठेवा जाग्यावर.”

गोपाळरावांनी माईक पुन्हा खांबाला बांधला. बांधताना डोळ्यांना दिसत नव्हतं, आणि ते काही अंधारामुळे नव्हे. एवढं करून भावाची पौर्णिमा चुकवली. तो तिथे अर्ध्या भोवत्या ऐकत बसला असेल, आणि तोंडाने काही म्हणणारही नाही.

तेवढ्यात बागेच्या वरच्या अंगाने उमावहिनींची हाक आली. बोरिवलीचा फोन होता. गोपाळराव चढ चढून वर गेले आणि धापा टाकत रिसीव्हर कानाला लावला. पलीकडे भार्गवी होती, घाबरलेली.

“काका, बाबा हॉलमधे टीपॉयभोवती फेऱ्या घालतायत. बसा म्हटलं तर ऐकत नाहीत. हळूच चालतायत, पण थांबत नाहीत. काय करू?”

“त्यांना दे फोन.”

दादांचा आवाज आला. बोलता बोलता ते चालत होते, हे कळत होतं.

“काय रे, मघाशी माईक कोणी हलवला? आवाज धडपडल्यासारखा झाला.”

“मी हलवला. पालखी मागे गेली की काही ऐकूच येत नाही दादा, माझी चूक झाली. मी पुढच्या वेळी...”

“हलवू नकोस,” दादा म्हणाले. “कीर्तनात तो बुवा सारखा कानात बसला होता. छान होतं, पण मी घरात होतो. आज आवाज बारीक होतो तेव्हा कळतं, पालखी मागे विहिरीपाशी गेली. मोठा व्हायला लागतो तेव्हा कळतं, बकुळीवरून वळली. मी पण तसाच वळतोय. आत्ता बघ, विहिरीपाशी आहोत आपण.”

खाली देवळात पालखी केव्हाच वळून दारासमोर आली होती. नाशिकचा वळसा न घेताही बोरिवलीला आवाज पोचायला अर्धं मिनिट लागत होतं. गोपाळरावांनी ते सांगितलं नाही.

“दमशील,” ते एवढंच म्हणाले.

“डॉक्टरांनीच सांगितलंय, घरातल्या घरात चाला. तू तिथे फोन धरून काय उभा आहेस? तुझ्याशिवाय चालत नाही का ते यंत्र?”

गोपाळरावांनी वर माळ्याकडे पाहिलं. खरंच की. चालत होतं. त्यांनी काही न करता, त्यांनी न बघता, ट्रकच्या बॅटरीवर आणि कधी न पाहिलेल्या माणसाच्या भरवशावर, अंधाऱ्या वाडीतून देव चाळीस घरांत जात होता. पाच वर्षं ज्याच्यापायी लोक हसले, त्याला आता त्यांची गरजच उरली नव्हती. गोपाळरावांना इतका आनंद झाला, की त्यांनी रिसीव्हर वहिनींच्या हातात दिला आणि चपला न घालताच ते पुन्हा खाली धावले.

तिसरी फेरी सुरू होत होती. गोपाळराव गर्दीत शिरले, कोणाच्या तरी हातातली झांज घेतली आणि ठेका धरला. कोणी वळून पाहिलं नाही. मुळ्यांच्या घरचा माणूस भोवत्यांत असायचाच. खांबासमोरून जाताना त्यांनी छाती भरून घेतली आणि पदाची ओळ उचलली. आजवर कधी त्यांनी ओळ उचलली नव्हती. ते दादांचं काम. आज ती त्यांनी उचलली आणि मागून सगळ्या वाडीने म्हटली. फेरी देवळामागे गेली, विहिरीला वळसा घालून बकुळीखालून पुढे आली, आणि खांबापाशी येताच त्यांनी पुढची ओळ उचलली. गोपाळराव रडत होते आणि गात होते आणि त्यांना त्याचं काहीही वाटत नव्हतं.

भोवत्या संपल्या. प्रसाद वाटून झाला. हातात लाडू तसाच धरून ते घरी आले तेव्हा उमावहिनी फोनपाशीच बसल्या होत्या. दादांनी फोन ठेवू दिला नव्हता. शेवटपर्यंत फेऱ्या घालून आता ते खुर्चीत बसले होते, भार्गवीने नाडी मोजली होती, सगळं ठीक होतं.

गोपाळरावांनी रिसीव्हर घेतला.

“तिसऱ्या फेरीला तू आत शिरलास ना?” दादा म्हणाले. “ओळखला मी आवाज. अजून बेसूरच गातोस रे तू.”